अनामिका

रक्त घ्यायचं ते डाव्या हाताच्या अनामिकेचं.
प्रशिक्षणात कारण सांगितलं होतं, मी विसरले.
जिला नाव नाही त्या बोटाचं रक्त,
आणि कागदावर मात्र नाव, गाव, वय, बापाचं नाव.

लिंगू तोडसाम, अकरा, ढोरं राखतो.
आषाढात इस्लापूरच्या दवाखान्यात आला
तेव्हा गोधडीसकट हुडहुडत होता,
बाकाचा लंगडा पाय त्याच्याबरोबर वाजत होता.
काचेवर सापडली: बारीक निळी अंगठी, लाल खडा.
गोळ्या दिल्या.
दोन दिवसांत बरं वाटलं,
उरलेल्या आईनं आढ्याला खोचून ठेवल्या
पुढच्या तापासाठी, घरातल्या कुणाच्याही.

भाद्रपदात तो परत.
तीच अंगठी. तोच खडा.
मी रजिस्टरात लिहिलं, तेच.

चहा घेताना डॉक्टर नाझनीन म्हणाल्या,
तुला दिसते अंगठी, रक्ताला दिसतो सदरा.
साठेक सदरे असतात त्याच्याकडे,
अंगावर एका वेळी एकच.
आपण बसतो आत, तांबड्या पेशीच्या घरात,
सदरा वाळत घालतो बाहेर भिंतीवर,
आणि त्याचीच गुंडी शिरेच्या कडेला अडकवून
थांबून राहतो,
पांथरीच्या गिरणीत जायला नको म्हणून.
शरीर आठ-दहा दिवस मोडून तो रंग ओळखतं,
धरतं, मारतं, ताप उतरतो,
आई म्हणते, सुटलं लेकरू.
गर्दीतल्या मूठभरांनी
तोवर सदरा बदललेला असतो.

लिंगूच्या दारावर गेरूनं लिहिलंय:
फवारणी झाली, १४/६.
आतली भिंत आईनं दुसऱ्याच दिवशी सारवली.
पाहुणे यायचे होते.

माझी आई अर्धापूरला उतरंडीत वाण राखायची,
ज्वारीचे पाच, तुरीचे तीन,
राख आणि कडुनिंबाचा पाला घालून.
एक बसलं तर दुसरं उठतं, म्हणायची.
मला ते शहाणपण वाटायचं. अजून वाटतं.
म्हणून जरा भीती वाटते.

कारण डासाच्या पोटात दोन वाण भेटतात:
एक इथलाच, नाल्याकाठचा,
एक तेलंगणात मिरची तोडून परतलेल्या कुणाच्या रक्तातला.
तिथं लग्न लागतं त्यांचं. मुहूर्त नाही, अक्षता नाहीत.
दोन्हीकडच्या पेट्या उलट्या होतात,
याची बाही त्याच्या पाठीला,
नवे सदरे शिवून तयार.
ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या,
वाण नाही पण गुण लागला, म्हणतात.
इथं वाणच लागतो.

सर्वेक्षणात जंगूबाई सिडामचीही पाटी घेतली.
सत्तरीची, डोक्यावर लाकडाची मोळी, ताप नाही,
पण अंगठ्या होत्या, तुरळक.
सांगितलं तर हसली. असंल. लई वर्षांचा असंल.
तिच्या रक्तानं बहुतेक सदरे पाहिलेत.
रजिस्टरात त्याला रकाना नाही.
मी शेऱ्यात काही लिहायला गेले,
मग गोळ्यांचा आकडाच लिहिला.

आश्विनात लिंगूनं न सांगता बोट पुढं केलं.
या खेपेला गोळ्या माझ्यासमोर,
तिन्ही दिवस, जीभ बाहेर काढून दाखवायची.
तिसऱ्या दिवशी म्हणाला, मला बगू द्या.
स्टूल ओढून दिलं.
एक डोळा मिटून तो फार वेळ पाहत राहिला.
सगळ्या येकसारख्याच हायेत की, म्हणाला.
आमची बेचाळीस ढोरं, सगळी काळी,
पर मी आंधारात बी वळखतो.
आणि पुन्हा वाकला,
एखादीच्या कानाला खाच आहे का बघायला.

पाटी पडताळणीला नांदेडला गेली.
तिथंही अंगठीच दिसेल.